टस्कनीत धावा, पण चढ मोजून

मे महिन्याच्या सुट्टीत इटलीला जाणाऱ्या मराठी घरांना माझी एक विनंती आहे. बॅगेत धावण्याचे बूट ठेवा. नवे कोरे नकोत, पायाला सरावलेले ठेवा. पिसाचा मनोरा आणि फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल पाहिलं की टस्कनी झाली, असं समजून आपण परततो. मधली ऑलिव्हची रानं, सायप्रसच्या रांगा, गव्हाच्या टेकड्या आणि त्यांच्यातून जाणारे खडीचे पांढरे रस्ते बसच्या काचेबाहेरच राहतात. सकाळच्या गारव्यात त्या रस्त्यांवर पायी जाणं कुणालाही जमण्यासारखं आहे. नेमानं मॅरेथॉन धावणाऱ्यांना वाटा आपोआप सापडतात, त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. जे रोज बागेत चार फेऱ्या मारतात, ज्यांनी हौसेनं एखादी दहा किलोमीटरची शर्यत पुरी केली आहे, ज्यांचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात आणि तरी ज्यांना धावावंसं वाटतं, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

प्रवासाची एक अडचण इथे आपल्या कामी येते. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पहिले काही दिवस पहाटे चारलाच डोळे टक्क उघडतात. छताकडे बघत पडून राहण्यापेक्षा आवरून घ्या. मे महिन्यात सहाच्या आत चांगलं उजाडतं आणि हॉटेलचा नाश्ता सातच्या पुढेच असतो. मधला तास-सव्वा तास पूर्ण तुमचा.

वाट कोणती घ्यायची हे ठरवताना मात्र नुसते किलोमीटर बघू नका. आपल्याकडे धावणारी माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “किती किलोमीटर झाले?” मरिन ड्राइव्हवर हा प्रश्न पुरेसा आहे, कारण रस्ता सपाट आहे. टस्कनीतली बहुतेक जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर आहेत. शत्रूपासून आणि खालच्या दलदलीतल्या हिवतापापासून वाचायला लोक वर राहिले. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे आधी उतरायचं, आणि पाय थकल्यावर शेवटी चढायचं. नकाशावर सहा किलोमीटर दिसणारी वाट घरच्या सहा किलोमीटरसारखी निघत नाही.

डोंगरी वाटांवर धावणाऱ्यांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. वाटेत एकूण जितका चढ आहे, त्यातल्या प्रत्येक १०० मीटरला सपाटीवरचा १ किलोमीटर धरायचा आणि तो अंतरात मिळवायचा. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतींची वर्गवारी याच पद्धतीनं करते. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. आतकरवाडीतून सिंहगड चढताना अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे, पण चढ सुमारे ६०० मीटर. हिशेबानं ते नऊ किलोमीटर झाले. सिंहगड चढून आलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. फोनवरच्या कुठल्याही नकाशाच्या ॲपमध्ये वाट आखली की एकूण चढ किती ते दिसतं. तो आकडा आधी बघा, अंतर नंतर.

स्वतःची पातळी ठरवताना खरं बोला. दोन वर्षांपूर्वी काय धावलो होतो हे विचारात घेऊ नका, गेल्या महिन्यात सलग किती वेळ पायांवर होतो तेवढंच धरा. पाऊण तास भरभर चालता येत असेल आणि अधूनमधून पळताही येत असेल, तर तुमच्यासाठी लुक्का आहे. बोलत बोलत, धाप न लागता आठ-दहा किलोमीटर धावता येत असतील तर वाल दोर्चातले पांढरे रस्ते घ्या. गेल्या तीन महिन्यांत अर्धमॅरेथॉन पुरी केली असेल तर मोंतेरिज्जोनी ते सिएना. आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हिल हाफ मॅरेथॉन धावून आलेल्यांना आमियाताचा डोंगर बोलावतो आहे. शंका असेल तर एक पायरी खालची वाट निवडा. खालच्या वाटेनं कुणाची सहल बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

लुक्काबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक वाचकांना तेच उपयोगी पडणार आहे. पिसाहून रेल्वेनं अर्ध्या तासावर हे गाव. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर गावाचा तट दिसतो. सोळाव्या आणि सतराव्या शतकात बांधलेला हा तट आजही अखंड उभा आहे आणि गावाला पूर्ण वेढा घालतो. घेर सुमारे ४.२ किलोमीटर, उंची १२ मीटर, अकरा बुरुज, सहा दरवाजे. शत्रूनं याला कधी वेढा घातला नाही. १८१२ साली सेर्क्यो नदीला पूर आला तेव्हा दरवाजे बंद करून लोकांनी गाव वाचवलं, तेवढीच काय ती याची लढाई. पुढे तटाच्या माथ्यावर झाडं लावून फिरायचा रस्ता केला गेला. एकदा दगडी चढणीनं वर गेलात की चार किलोमीटर सपाट, रुंद, सावलीचा रस्ता मिळतो. मोटार नाही, सिग्नल नाही, वाट चुकायचा प्रश्नच नाही. चुकलात तरी फिरून तिथेच येता.

गड-किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला हा तट लगेच आपला वाटतो. एका अंगाला कौलारू छपरं, चर्चचे मनोरे आणि ग्विनीजी घराण्याचा तो बुरूज, ज्याच्या माथ्यावर ओकची झाडं वाढली आहेत. फान्नेर वाड्याची पुतळ्यांची बाग वरून पूर्ण दिसते. दुसऱ्या अंगाला गवताचं मोकळं पटांगण आणि पलीकडे डोंगर. सकाळी साडेसहाला वर गावातले म्हातारे हात मागे बांधून चालत असतात, कुत्र्यांना फिरवायला निघालेल्या बायका असतात, एखादा ऑफिसला जाणारा सायकलवर असतो. कुणी तुमच्या वेगाकडे बघत नाही. समोरून आलेला माणूस “बुओनजोर्नो” म्हणेल, तुम्हीही म्हणा.

नवख्यांनी इथे धावायची पद्धत अशी ठेवा. दोन बुरुजांमध्ये सरासरी पावणेचारशे मीटर अंतर आहे. पहिला टप्पा चाला, दुसरा धावा, तिसरा पुन्हा चाला. धावायचा टप्पा असा धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागला तर अर्ध्यातच चालायला लागा, पुढच्या बुरुजापासून पुन्हा धावा. पहिल्या दिवशी एकच फेरी. घड्याळ बघायची गरज नाही, बुरूजच घड्याळाचं काम करतात. दुसऱ्या दिवशी अंग हलकं वाटलं तर दोन टप्पे धावून एक चाला. पन्नाशी-साठीच्या जोडप्यांना मी आग्रहानं सांगते, टस्कनीत एकच सकाळ मिळणार असेल तर ती इथे घालवा. ज्याला नुसतं चालायचं आहे आणि ज्याला धावायचं आहे, ते दोघं एकाच वेळी निघून एकाच जागी भेटू शकतात. अशी सोय दुसऱ्या कुठल्या वाटेवर नाही. शनिवार-रविवारी दहानंतर भाड्याच्या सायकलींची गर्दी होते. ऑक्टोबरच्या शेवटी इथे कॉमिक्सचा मोठा मेळा भरतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत जाऊ नका.

तट सहज जमला तर त्याच गावातून पुढची वाट निघते. रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला, रुळांच्या पलीकडे, एक गोल दगडी इमारत आहे. तिथून नोत्तोलिनी नावाच्या स्थापत्यकारानं एकोणिसाव्या शतकात बांधलेला जलसेतू सुरू होतो. चारशेहून जास्त कमानी, सरळ रेषेत, तीन किलोमीटरभर शेतांमधून ग्वामो गावाकडे जातात. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी याच कमानींवरून शहरात येत असे. कमानींच्या कडेनं पायवाट आहे. एका ठिकाणी मोटारींच्या हमरस्त्यानं ही रांग तोडली आहे, तिथे कसं ओलांडायचं ते आधी नकाशावर बघून ठेवा. ग्वामोपर्यंत जाऊन परत आलात की सहा-सात किलोमीटर होतात, तेही जवळजवळ सपाट. ग्वामोच्या पुढे वाट झाडीत शिरते, झऱ्यांपाशी पोचते आणि खरा चढ सुरू होतो. ज्यांना चढाची चव घ्यायची आहे त्यांनी झऱ्यापर्यंत चालत जावं, थोडं बसावं आणि उतरावं.

याच्याही वर मोंते पिसानोचा डोंगर आहे, ९१७ मीटर. ऑलिव्ह, चेस्टनट, पाइन आणि खूप पायवाटा. सप्टेंबर २०१८ मध्ये या डोंगराच्या काल्चीकडच्या बाजूला भयंकर वणवा लागला होता. भूमध्य सागराकाठच्या रानांचा हा कायमचा धोका आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक असते, पाइन आणि झुडपांत तेल असतं, वारा सुटला की आग माणसापेक्षा जोरात पळते. जून ते सप्टेंबर या काळात डोंगरावर जायच्या आधी हॉटेलात किंवा पर्यटन कार्यालयात वणव्याचा इशारा आहे का ते विचारा. धूर दिसला तर वर काय आहे ते बघायला थांबू नका, लगेच खाली गावाकडे वळा.

आता वाल दोर्चा. सिएनाच्या दक्षिणेची ही दरी २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कॅलेंडरवर दिसणारी टस्कनी, टेकडीवर एकटं घर आणि त्याच्याकडे जाणारी सायप्रसची रांग, ती इथली. इथले पांढरे रस्ते म्हणजे चुनखडीची खडी दाबून केलेले कच्चे रस्ते. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून लोकांनी प्रयत्न केले. कियांतीतल्या गायोले गावात १९९७ साली जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली, तिच्यामागे हाच हेतू होता. गुडघ्यांना हे रस्ते डांबरापेक्षा बरे, पण उतारावर खडी सरकते. पाऊल लहान टाका, टाच आपटू नका, आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. उतारावर फोटो काढत धावू नका. फोटोसाठी थांबा, मग पुढे चला.

मध्यम तयारीच्या लोकांना मी सान क्विरिको दोर्चा ते बान्यो विन्योनी ही वाट सुचवते. अंतर पाच किलोमीटरच्या आसपास. ही जुन्या यात्रेकरूंच्या ‘व्हिया फ्रान्चिजेना’ मार्गाचा भाग आहे. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक ९९० च्या सुमारास रोमहून परतताना या मार्गानं गेला आणि त्यानं मुक्कामांची यादी लिहून ठेवली, म्हणून आज हा मार्ग आखता आला. वाट आधी विन्योनी अल्तो या चिमुकल्या वाडीपर्यंत चढते, तिथून दरी आणि समोर आमियाता डोंगर दिसतो, मग ऑलिव्हमधून खाली उतरते. बान्यो विन्योनीत गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं चौकोनी कुंड आहे. उगमापाशी पाणी ५० अंशांच्या जवळपास असतं. कुंडात उतरायला बंदी आहे, तो नियम पाळा. तेच पाणी पाटांतून गावाच्या कडेला येतं, जुन्या गिरण्यांच्या अवशेषांपाशी कड्यावरून खाली पडतं. त्या पाटांत पाय सोडून बसता येतं. बूट-मोजे काढून, पोटऱ्यांपर्यंत पाय त्या कोमट पाण्यात ठेवून दहा मिनिटं बसा. परत जाताना चढ आहे हे विसरू नका. घरच्या मंडळींना गाडीनं इकडे बोलावता आलं तर उत्तम, नाहीतर परतीला चालत जा.

पिएन्झातून एक छोटी फेरी होते, तीही सांगून ठेवते. गावाखाली कोर्सिन्यानोचं जुनं दगडी चर्च आहे, तिथून पांढरा रस्ता तेरापिल्लेच्या शेतांकडे उतरतो. ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातली गव्हाची शेतं इथली. त्यामुळे लोक भराभर उतरत जातात आणि परतीचा चढ उन्हात गाठतात. ही फेरी फक्त सकाळी करा, आणि वर येताना धावायचा हट्ट धरू नका.

पाऊस पडून गेल्यावर मात्र या भागात कच्च्या पायवाटांवर जाऊ नका. खडीचा रस्ता चालतो, पण शेताच्या कडेची चिकणमाती नाही. आपल्याकडे काळ्या रानात पावसात चपलेला जसा चिखलाचा गोळा धरतो, तसाच इथे बुटाला धरतो. पन्नास पावलांत बूट दुप्पट जड होतो, तळ गुळगुळीत होतो आणि माणूस उतारावर बसकण मारतो. सिएनाच्या आग्नेयेकडची ‘क्रेते’ नावाची टेकाडं तर पूर्ण मातीचीच आहेत. पावसानंतर दोन कोरडे दिवस जाऊ द्या.

अर्धमॅरेथॉनची तयारी असलेल्यांसाठी मोंतेरिज्जोनी ते सिएना, सुमारे २० किलोमीटर, हाही यात्रेकरूंचाच मार्ग. सिएनाहून सकाळच्या बसनं मोंतेरिज्जोनीला जा आणि धावत परत या, म्हणजे मुक्कामाच्या गावीच शेवट होतो. उलट केलंत तर थकल्यावर बसची वाट बघत बसावं लागतं, आणि रविवारी बस कमी असतात. मोंतेरिज्जोनी हा सिएनाच्या लोकांनी तेराव्या शतकात बांधलेला चौदा बुरुजांचा कोट. आतलं गाव पाच मिनिटांत फिरून होतं. तिथेच पाणी भरून घ्या, कारण पुढे ओक आणि झुडपांच्या जंगलातून बराच वेळ पाणी मिळत नाही. मध्ये पियान देल लागो हा सपाट पट्टा येतो. इथे पूर्वी दलदल होती. अठराव्या शतकात ग्रँड ड्यूकच्या कारकिर्दीत बोगदा खणून ते पाणी काढून दिलं गेलं. पाय मोकळे करायला हा पट्टा चांगला, पण याच जागी लोक वेग वाढवतात आणि सिएनाच्या वेशीवरच्या चढात गळतात. शेवटचे तीन किलोमीटर राखून ठेवा. कामोल्लिया दरवाजातून आत शिरल्यावर गल्ल्यांत माणसं असतात, तिथे चालत जा. काम्पो चौकात विटांच्या उतारावर बसून पाणी प्या.

या वाटेवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आणि पाठीवर बोचकं घेतलेल्या यात्रेकरूचं चित्र दिसत राहतं. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या खुणेपर्यंत परत या.

आमियाता तगड्या लोकांसाठी. हा शांत झालेला ज्वालामुखी १७३८ मीटर उंच आहे. पायथ्याचं आबादिया सान साल्वातोरे हे गाव पाऱ्याच्या खाणींवर जगत असे, त्या खाणी आता बंद आहेत. गाव ८०० मीटरच्या वर आहे, म्हणजे माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर चढ, म्हणजे अंतराच्या वर नऊ किलोमीटर जास्तीचे. खाली चेस्टनट, वर बीचचं दाट जंगल. माथा न गाठता डोंगराला वळसा घालणारी गोल वाटही आहे, २८-२९ किलोमीटरची. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या दऱ्या तापतात तेव्हा या भागात धावण्यासारखी हीच जागा. दुपारी गडगडाट होऊन वीज पडते, म्हणून अकराच्या आत खाली यायच्या बेतानं निघा. एकट्यानं जाऊ नका.

तयारी इथून करून जा. चढापेक्षा उतारानं मांड्या जास्त भरून येतात, आणि सोसायटीच्या बागेत उतार नसतो. निघायच्या आधी सहा आठवडे, आठवड्यातून एकदा तरी टेकडी घ्या. पुण्यात वेताळ टेकडी, नाशिकला पांडवलेणी, मुंबईत राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. तेही नसेल तर इमारतीचे जिने चढा आणि सावकाश उतरा. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना नेमकं काय करणार आहात ते सांगून विचारा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. गावांमधल्या वाटेवर दुकान लागेलच असं नाही, आणि दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात.

उन्हाबद्दल आपला एक गैरसमज असतो की आम्हाला उन्हाची सवय आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो, म्हणून किती गेला ते कळतं. टस्कनीच्या कोरड्या उन्हात तो लगेच वाळतो. अंग कोरडं, आणि पोटात पाणी नाही, अशी अवस्था नकळत येते. तहान लागायच्या आधी घोट घोट प्या. तासाभराच्या वरच्या धावेला मिठाचं काहीतरी हवं. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो हे लक्षात ठेवा, धावून आल्यावर नुसत्या पावावर भागवू नका. सोबत शेंगदाणे नाहीतर चीज घ्या. लुक्का-पिसाकडे चण्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली ‘चेचीना’ मिळते, शाकाहारी माणसाला धावेनंतर ती फार चांगली. गावातल्या नळावर ‘पोताबिले’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याचं, ‘नॉन पोताबिले’ असेल तर डोक्यावर ओता, पिऊ नका.

रस्त्यावर बाजू बदलते, हे सर्वांनी, मुलांनी तर नक्कीच, पाठ करावं. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. गावाबाहेर पायी माणसानं समोरून येणाऱ्या गाड्यांना तोंड देऊन, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेनं जायचं. आपल्या सवयीच्या अगदी उलट. वळणावर कानात गाणी नकोत.

पिएन्झा मेंढीच्या दुधाच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे कळप आले, आणि लांडग्यांपासून कळप राखणारे पांढरे मारेम्मा कुत्रे आले. हे कुत्रे मोठे असतात आणि त्यांचं काम चोख करतात. कळप दिसला की धावणं थांबवा. चालत, लांबून, वळसा घालून जा. कुत्रा आला तर उभे राहा, त्याच्याकडे रोखून बघू नका, हळूहळू मागे सरा. पळालात तर तो मागे लागणार. कळपाच्या मधून फोटोसाठी जाणं हा मूर्खपणा आहे आणि मेंढपाळाचं नुकसानही. द्राक्षाच्या मळ्यांचंही तेच. ती कुणाची तरी शेती आहे. जवळची वाट म्हणून ओळींमधून घुसू नका, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि सव्वापाचच्या आसपास अंधार पडू लागतो. नोव्हेंबर हा पावसाचा महिना. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर इटलीत शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांसाठी माणसं बंदुका आणि कुत्रे घेऊन जंगलात उतरतात. मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी शिकारीला बंदी आहे, म्हणून जंगलातली धाव याच दिवशी ठेवा. बाकीच्या दिवशी लुक्काचा तट आहेच. जंगलात जाताना भडक नारिंगी किंवा पोपटी घाला, काळे-तपकिरी कपडे नकोत. बंदुकीचे आवाज किंवा भोंगे ऐकू आले तर परत फिरा.

मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. तिथे ‘मी टस्कनीत आहे’ एवढं सांगून उपयोग नाही, म्हणून दर अर्ध्या तासानं फोनवर आपण कुठे आहोत ते बघून जवळच्या गावाचं नाव लक्षात ठेवा. एकट्या धावणाऱ्या बायकांनी घरच्या कुणाला तरी फोनवरून आपला ठिकाणा दिसत राहील अशी सोय करावी. आणि फोन पूर्ण चार्ज करून, हॉटेलच्या काउंटरवर कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार ते सांगून मगच बाहेर पडा.